ज्वारीतला भाग दोन

आमच्या घराण्यात कंप्युटर कळणारा माणूस म्हणजे मी. हे पद मला कुणी दिलेलं नाही, त्यामुळे कुणाला ते काढूनही घेता येत नाही. परभणीतल्या एका शाळेच्या ऑफिसात मी कारकून आहे. तिथं पहिला कंप्युटर आला तेव्हा त्याच्यावरचं प्लास्टिक मी काढलं होतं. एवढ्या भांडवलावर आज इतकी वर्षं कुणाचा फोन अडकला, कुणाच्या पोरीचा फॉर्म भरायचा राहिला, की नातेवाईक म्हणतात, "त्याला दाखवा, त्याला समजतं." समजत नाही, हे फक्त दोघांना ठाऊक आहे. एक मी आणि दुसरी माझी बायको. त्यातही तिला जरा जास्त खात्रीनं.

आमच्या टीव्हीखालच्या कपाटात अकरा डीव्हीडी होत्या. धाकट्या बहिणीचं लग्न, भाग एक, दोन आणि तीन. घराची वास्तुशांती. आमच्या मुलीचा पहिला वाढदिवस, ज्यात केक कापायच्या आधीच ती झोपून गेली आणि पाहुण्यांनी मग माझ्या हातून केक कापून घेतला. असं सगळं. डीव्हीडी प्लेयर बिघडून बरीच वर्षं झाली होती. कुठंतरी माझ्या वाचनात आलं की या चकत्या आपोआप खराब होतात. झालं, जेवताना मी जाहीर केलं, "या रविवारी मी सगळ्याचा बॅकअप घेणार."

"घ्या," बायको म्हणाली. "त्याच्यासाठी मला उठवू नका, म्हणजे झालं."

रविवारी आमचा जुना कंप्युटर काढला. त्याचा डीव्हीडीचा ट्रे बटण दाबून उघडत नाही, खालून थापट मारली की लाजत बाहेर येतो. एकेक चकती घालायची, तिच्यातलं फोल्डर दिसलं की उजवं बटण दाबायचं आणि 'डेस्कटॉपवर पाठवा' म्हणायचं. गेलं! अर्ध्या सेकंदात एक अख्खं लग्न. मी थक्कच झालो. जे लागायला दोन दिवस लागले, ते आत जायला चहाचा एक घोटही लागला नाही. पंधरा मिनिटांत अकराच्या अकरा पिवळी फोल्डरं पडद्यावर रांगेत उभी. प्रत्येकाच्या कोपऱ्यात एक छोटा वाकडा बाण होता. मला वाटलं, माल मिळाल्याची ती खूण असेल. आमचा शाळेतला शिपाई टपाल मिळालं की करतो तशी.

मी कच्चा माणूस नाही, तपासूनही पाहिलं. 'लग्न भाग दोन' उघडलं. गणपती आला, गुलाबाच्या पाकळ्या पडायला लागल्या, सनई वाजली. समाधानानं बंद केलं. आमच्या फोटोग्राफरच्या सगळ्याच डीव्हीडी त्याच गणपतीनं सुरू होतात, आणि त्या क्षणी ट्रेमध्ये वास्तुशांती होती, हे दोन विचार माझ्या डोक्यात शेजारी शेजारी काही आले नाहीत.

त्याच आठवड्यात दादा आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, झरीला आमची शेती बघतो. संक्रांत होऊन गेली होती, ज्वारीची कणसं भरत आली होती. आईला हुरडा घेऊन आलेला. चहा पिता पिता म्हणाला, "पाखरं लय झालीत औंदा. चमकणारं काही पडलंय का घरात? लोक त्या सीड्या बांधायलेत."

मी उठलो आणि कपाटातल्या अकराच्या अकरा चकत्या त्याच्यासमोर ठेवल्या.

"आरं, लागतील की कव्हातरी," दादा म्हणाला.

"दादा, आतला गर मी काढून घेतलाय. ही निस्ती साल हाय."

दादानं माझ्याकडं कौतुकानं बघितलं. थोरल्या भावानं असं बघितलेलं माझ्या आयुष्यात दोनदाच, त्यामुळे मला ते नीट आठवतं. त्यानं चकत्या पिशवीत घातल्या आणि तो गेला.

आता आईचं सांगतो, कारण हे सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं.

आमच्याकडं लेकीचं लग्न लागताना आईनं बघायचं नसतं. आईची दृष्ट लेकीच्या संसाराला सगळ्यात आधी लागते म्हणतात. आईइतकं पोटभर दुसरं कोण बघणार, म्हणून असेल. मंगलाष्टकं सुरू झाली की आईनं मांडवाकडं पाठ करून तुळशीपुढं बसायचं, तुळशीला पाणी घालत राहायचं आणि वाजंत्री वाजेपर्यंत वळायचं नाही. धाकटीचं लग्न वीसेक वर्षांपूर्वी झरीला झालं, घरापुढं मांडव घालून. सगळं गाव धाकटीकडं बघत होतं, आणि जिनं तिला जन्म दिला ती तांब्या घेऊन तुळशीपुढं बसलेली.

तेही एक वेळ ठीक. पण पुढं डीव्हीडी आली तेव्हाही आईनं नियम मोडला नाही. हळद बघायची, पाठवणी बघायची, पाठवणीला नव्यानं रडायची. पण भाग दोन लागला आणि भटजींनी माइक हातात घेतला, की उठायची. "दूध वर यील," म्हणायची. दूध अर्ध्या तासामागंच उतरवलेलं असायचं.

दिवाळीच्या आधी आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून जपायची, बाकी बघू. आई म्हणते, कडंचं सगळं गेलंय, मधलं तेवढं राहिलंय. पाइपातून बघितल्यासारखं. दारातून आत येणारं माणूस तिला आधी अर्धंच दिसतं, मग ती मान फिरवून उरलेलं गोळा करते. रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचं काम माझ्याकडं आहे. पहिला थेंब नेमानं गालावर पडतो. आई म्हणते, "गालाचं बरं हाय रे माझ्या, डोळ्यात घाल."

दादा चकत्या घेऊन गेल्यावर तीनेक आठवड्यांनी, एका शनिवारी सकाळी, थेंब घालून झाल्यावर डोळे मिटूनच ती म्हणाली, "बाईच्या लग्नाचं ते तुझ्या कंप्युटरात हाय म्हणालास नव्हं?"

बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. गंगाखेडला दिलेली आहे.

"सगळं हाय, आई."

"मला अक्षता बघायच्यात."

मी बाटलीचं टोपण लावता लावता थांबलो. "बघायचं नसतं नं तुला?"

"वीस वर्षं संसार झाला तिचा. लेक तिच्या डोक्याएवढी झाली. आता माझी दृष्ट लागून काय व्हायचंय?" मग गालावरचा थेंब पुसत म्हणाली, "आन् अजून दिसायलंय तवर बघून घेते. मागून कामून बघितलं न्हाईस म्हणू नको."

आईनं धुतलेलं लुगडं नेसलं. घरातल्या घरात कंप्युटर बघायला. चष्मा पदरानं पुसला आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून ताठ बसली. मी मोठ्या ऐटीत 'लग्न भाग दोन'वर टिचकी मारली.

गणपती आला नाही. एक चौकट आली.

भाग एक उघडून बघितला. चौकट. वास्तुशांती, वाढदिवस, सगळीकडं तीच चौकट. बायको पोळ्या सोडून पिठाच्या हातानं दारात येऊन उभी राहिली.

"काय म्हणतंय ते?"

"डिस्क घाला म्हणतंय."

"मग घाला की."

मी खालून थापट मारली, ट्रे रिकामाच बाहेर आला. ती काय समजायचं ते समजली. पिठाचा हात तिनं कपाळाला लावला, तो पांढरा पंजा दुपारपर्यंत तिच्या कपाळावर तसाच होता. "अहो, डिस्क तर ज्वारीत हायत."

मी गॅलरीत जाऊन आमच्या शाळेच्या कंप्युटर सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. तो वाकडा बाण आहे ना, विचारलं. मी हो म्हणालो. मग ते फार सभ्यपणे म्हणाले, "तुम्ही घराचा पत्ता लिहून ठेवलात आणि घर देऊन टाकलंत."

आत आलो तर आई तशीच बसलेली. "आज न्हाई का लागत?"

"उद्या-परवा लावतो, आई. जरा काम हाय त्याच्यात."

"बरं. माझं काय, मी घरातच हाय." तिनं चष्मा काढला, चष्म्याच्या घरात घातला, ते बंद केलं आणि उठून आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा जुनंच लुगडं नेसलेलं होतं. ते बघून मला जेवण गेलं नाही. मोटरसायकल काढून सरळ झरीला निघालो.

आमचं शेत लांबूनच ओळखू आलं. अख्ख्या शिवारात तेवढंच लखलखत होतं. बांधाच्या कडेनं काठ्या रोवून, काठीकाठीला दोरी ताणून दादानं आमचा सगळा कौटुंबिक इतिहास टांगला होता. वारा आला की वास्तुशांती की वाढदिवस, काहीतरी गर्रकन फिरायचं आणि माझ्या डोळ्यावर उजेड मारायचं. एका चकतीच्या दोरीवर दोन चिमण्या निवांत बसल्या होत्या.

"तीन दिवस भ्याली पाखरं," दादा म्हणाला. "चौथ्या दिवसापासून त्याच्यावरच बसायलीत. काय साहेब, आज कसंकाय? अजून साली आणल्यात का?"

"दादा, भाग दोन कुठंय?"

"कशाचा?"

"बाईच्या लग्नाचा. नाव लिवलेलं व्हतं वर."

"पाखरांना वाचता येत न्हाई म्हून मी नावं बघितली न्हाईत."

आणि आता बघूनही उपयोग नव्हता. दवानं अक्षरं धुऊन गेली होती. त्यात दादानं डोकं चालवून एक सोडून बाकीच्या दोन-दोन चकत्या पाठीला पाठ लावून बांधल्या होत्या, म्हणजे दोन्हीकडून चमकावं. चमकणारी बाजू म्हणजेच ज्यात सगळं साठवलेलं असतं ती बाजू, आणि ती तीन आठवडे वाऱ्यानं कणसांवर घासत होती. मी एक सोडवून उन्हात धरली. कुणीतरी सुईनं रांगोळी काढल्यासारखी दिसत होती.

मी कबुली दिली. साल आणि गर असं काही नसतं, गर सालीतच होता, असं काहीतरी बोललो. दादा हसायला लागला. चांगला मांडीवर थाप मारून हसला. "आन् आमी याला साहेब म्हणतो!"

"आईनं मागितलंय रे," मी म्हणालो. "अक्षता बघायच्यात म्हणाली."

दादाचं हसणं थांबलं. "आईनं? भाग दोन?"

"व्हय."

तो पुढं झाला आणि दोऱ्या सोडायला लागला. मी चाकूनं कापायला गेलो तर म्हणाला, "तू सर. खरचटील अजून." एकेक गाठ त्यानं बोटांनी सोडवली. अकरा चकत्या झाल्यावर डोक्याचा रुमाल काढला, प्रत्येक चकतीच्या मधे एकेक घडी घालत सगळ्या गुंडाळल्या आणि गाठोडं माझ्या शर्टाच्या आत घातलं. "कॅरेजला बांधू नको, दणके बसतात. आन् दमानं जाय." मी मोटरसायकल चालू केल्यावर पुन्हा म्हणाला, "न्हाई लागलं तर आईला सांगू नको. मी येऊन सांगतो. चूक माझी म्हून सांगतो."

घरी बायकोनं बादलीत कोमट पाणी आणि दोन थेंब साबण घेतला. आईच्या जुन्या मऊ लुगड्याचा तुकडा घेऊन एकेक चकती मधून कडेकडं पुसली, तान्ह्या बाळाचं अंग पुसावं तशी. कुणीतरी फोनवर सांगितलं होतं, ओरखड्यांवर टूथपेस्ट घासा. मी पेस्ट घेऊन आलो तर म्हणाली, "तुम्ही लांब उभं राहा. काय करायचं ते मला सांगा, करू नका."

एकेक घालून बघता सातवी चकती भाग दोन निघाली. ती फिरायला लागली तशी कंप्युटरातून गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज आला. या वेळी मी सरांनी सांगितलं तसंच केलं. त्यांनी एक प्रोग्राम दिला होता. तो चकती वाचतो आणि तिची एक अख्खी फाइल करतो, जी पेनड्राइव्हवर घालून टीव्हीला लावता येते. पडद्यावर टक्के दिसत होते. खरं कॉपी करायला किती वेळ लागतो ते मला पहिल्यांदा कळलं. एक टक्का. बराच वेळ एकच टक्का. मग दोन. अडतीसला अडकलं. काढून पुन्हा पुसली. एकसष्टला पोचलं आणि लाईट गेली. पुन्हा पहिल्यापासून. रविवार त्यातच गेला. आई मधूनमधून दारात यायची, मान फिरवून मला पुरता गोळा करायची आणि विचारायची, "किती राह्यलं?" जसं काही मी आत बसून दळतच होतो.

सोमवारी शाळेतून आल्यावर शंभर झाले. जिथं वाचता आलं नाही तिथं प्रोग्राम उड्या मारत गेला होता. मी चकती बाहेर काढली, कपाटात ठेवून कपाटाला कुलूप लावलं आणि मग फाइल उघडून बघितली. चालली. कोपऱ्यात बाण नव्हता. ते तर मी भिंगातून तपासलं.

आई पुन्हा धुतलेलं लुगडं नेसून आली. टीव्हीपासून दोन हातांवर स्टूल ठेवून बसली. चित्र मधेमधे चौकोन-चौकोन होऊन फुटत होतं. वडील दिसले, फेटा बांधलेले, आचाऱ्यावर ओरडताना. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली. "हे बघ," आई म्हणाली, "इथंबी वरडायलेच." आणि पदर तोंडाला लावून हसली.

मग भटजींनी माइक हातात घेतला. सवयीनं आई उठेल असं मला वाटलं. तिनं स्टुलाची कड दोन्ही हातांनी धरली फक्त.

अंतरपाट धरला. धाकटी हातात हार घेऊन उभी. लोकांच्या मुठीत अक्षता, म्हणजे आमच्याकडं हळदी-कुंकवात रंगवलेली ज्वारी. शेवटच्या मंगलाष्टकाला धाकटीनं मान उजवीकडं वळवली, पार मागं, मुंडावळ्या गालावर येईपर्यंत. आणि नेमकं तिथंच ओरखडा होता. चित्र थांबलं. आवाज पुढं चालू, वाजंत्री वाजायला लागली, पण पडद्यावर धाकटी तशीच, मान वळवून, तोंड जरासं उघडं.

ही जागा आमच्या घरात प्रसिद्ध आहे. नवरा समोर उभा आणि नवरीचं ध्यान बुंदीच्या कढईकडं, असं म्हणून वीस वर्षं आम्ही धाकटीला चिडवत आलो. आम्ही म्हणजे मुख्यतः मी. तीही हसायची.

मी पुढं ढकलायला रिमोट उचलला. "राहू दी," आई म्हणाली. ती पुढं वाकली. "कुणाकडं बघायली ही?"

"बुंदीकडं," मी म्हणालो. जीभ वळलेलीच होती.

"बुंदी घराच्या मागं व्हती. मीच झाकून आले व्हते." आईनं बोट लांब करून पडद्याच्या उजव्या कडेला टेकवलं, जिथं चित्र संपतं तिथं. "हिकडं तुळस व्हती."

मी रिमोट तसाच खाली ठेवला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तीही आत गेली नाही. चित्र पुन्हा चालू झालं, ज्वारी उडाली, हार पडले, लोक हसायला लागले. आई ते बघत होती की नाही, कोण जाणे. मग म्हणाली, "बाईला फोन लाव."

मी लावला, स्पीकरवर.

"काय माय, थेंब घातले का?" धाकटीचा आवाज आला. मागं कुकर फुसफुसत होता.

"अंतरपाट धरल्यावर मान कामून वळिवलीस ग?"

"आँ? कव्हा?"

"लग्नात."

"तुला कुणी सांगितलं?"

"मी बघितलं आज."

कुकरची एक शिट्टी झाली. धाकटीनं तो बंद केला असावा, कारण नंतर एकदम शांत झालं.

"तू दिसशील म्हून," ती म्हणाली. "निस्ती पाठ दिसली तुझी. पदर खांद्यावरनं खाली आला व्हता, तांब्यातलं पाणी कव्हाच संपलं व्हतं आन् तू तसाच रिकामा तांब्या वततच बसलीस. मला वाटलं, कुणीतरी सांगा रे हिला."

"मग सांगायचंस."

"अंतरपाटाच्या मागून वरडू?" दोघी हसल्या. आईचं हसणं मधेच मोडलं, तिनं खाकरून ते सरळ केलं.

"भाऊ म्हणतंय, बुंदीकडं बघायलीस."

"म्हणू दी त्याला. खरं सांगितलं असतं तर माझंच रडू आवरलं नसतं, त्याच्यापेक्षा बुंदी बरी." मग म्हणाली, "रविवारी येते मी. दोघी मिळून बघू."

"ये. पण मी तवर थांबणार न्हाई, मी रोज बघणार हाय."

त्या दिवशी आईनं ते तीनदा लावायला लावलं. पुढंमागं काही नको, तेवढंच. ओरखड्यापाशी चित्र आपोआप थांबायचं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की दादाच्या कणसांनी एवढं एक काम तरी ठिकाणावर केलं. दादाला तसं फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "बाकीच्या धा तरी परत दे, पाखरं लय झालीत." दिल्या नाहीत.

सात वाजता थेंबांची वेळ झाली. टीव्ही बंद केला, बाटली घेतली आणि आईपाशी गेलो. तिनं सवयीनं मान मागं टाकली, डोळे मिटलेलेच होते. मी पापणी वर करायला बोट लावलं, तसा तिनं माझा हात धरला.

"थांब जरा," म्हणाली. "आत्ताच नको घालू. धुऊन जाईल."

मी बाटलीला टोपण लावलं आणि तिच्या शेजारी बसून राहिलो.